मंगळवारची प्रार्थना

घानातील टेमा बंदराला लागूनच मासेमारीचे बंदर आहे. तेथील एका बर्फाच्या कारखान्याची देखभाल मी चार वर्षे सांभाळली. रुजू झालो त्याच आठवड्यात मला सांगण्यात आले की मोठी दुरुस्ती काढायची असेल तर मंगळवारीच काढावी, कारण मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत. या किनाऱ्यावरच्या गा लोकांच्या श्रद्धेप्रमाणे तो समुद्रदेवतेच्या विसाव्याचा दिवस आहे. त्या दिवशी कोळी वाळूत बसून जाळ्यांची दुरुस्ती करतात, इंजिने उघडतात, आपापसातले तंटे मिटवतात, आणि सोमवारी संध्याकाळपासून मंगळवार दुपारपर्यंत बर्फाच्या लादीला गिऱ्हाईक नसते.

मी मूळचा रत्नागिरीचा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे पाहतच वाढलो. त्यामुळे प्रथेचे मला नवल वाटले नाही. तो दिवस कोण पाळतो, याचे वाटले. 2021 च्या जनगणनेत घानातील सुमारे 71 टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती आणि जवळपास 20 टक्के लोकांनी इस्लाम सांगितला. पारंपरिक धर्म सांगणारे 3 टक्क्यांच्या आसपास होते. आमचे बहुतेक होडीवाले रविवारी दुपारपर्यंत चर्चमध्ये असत, त्यांच्या होड्यांच्या कडेला बायबलमधील वचने ठळक रंगात रंगवलेली असत, आणि तरीही मंगळवारी एकही होडी हलत नसे. सरकारने 2019 साली पहिल्यांदा या लहान होड्यांवर महिन्याभराची मासेमारीबंदी लागू केली, तेव्हा धक्क्यावर पुष्कळ वाद झाले. मंगळवाराबद्दल मात्र मी कधी वाद ऐकला नाही.

कारखान्यातही रोज सकाळी काम सुरू होण्याआधी प्रार्थना होत असे. आमचा फोरमन टेमा मान्हेआनचा, म्हणजे बंदर बांधताना जुन्या टेमा गावातील लोकांना जेथे हलवले त्या वस्तीतला, चर्चमध्ये नियमाने जाणारा आणि अनुभवाने माझ्या दुप्पट होता. तो प्रत्येकाला विचारी की आज कशासाठी प्रार्थना करायची. कुणी भावाच्या नोकरीचे सांगे, कुणी घरभाड्याचे. मग सगळे एकाच वेळी, आपापल्या भाषेत, मोठ्याने प्रार्थना करत, आणि शेवटी उत्तरेकडून आलेला आमचा वेल्डर हात उघडे धरून फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, म्हणे. फोरमन रोज मलाही विचारी आणि मी रोज ‘काही नाही’ म्हणत असे. या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटे जात. मला ती खटकत होती. प्रार्थना पाच मिनिटांत आटपावी, अशी लेखी सूचना मी, पुढे ज्या मंगळवाराबद्दल सांगतो आहे त्याच आठवड्यात, काढलीही होती.

ज्या मंगळवाराबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून वायू गळू न देणारी कडी, बदलायचे होते. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, उरलेला वायू नळीने पाण्याच्या पिंपात सोडून, मगच झाकण उघडायचे असते. दोघे जण झाकणापाशी काम करतात आणि तिसरा सक्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे वायू आत येतो त्या बाजूच्या व्हॉल्व्हपाशी, उभा राहून दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवतो. हे तिसरे काम दिसायला सोपे असले तरी दोन तास एका काट्याकडे पाहत राहणे सोपे नसते. आदल्या संध्याकाळी मी कामाचा परवाना भरून ठेवला होता. त्यातल्या ‘प्रकृती ठीक’ या रकान्यासमोर तिघांच्याही सह्या होत्या.

सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्या तिसऱ्या माणसाची पाळी आली, तेव्हा तो खाली पाहत हळू आवाजात म्हणाला, “माझ्या मुलीसाठी. मलेरिया आहे. आज तिसरी रात्र आम्ही इस्पितळात काढली.” फोरमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशीची प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली आणि मी दोनदा घड्याळ पाहिले. ती संपल्यावर फोरमन माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, “बॉस, याला आज व्हॉल्व्हवर उभा करू नका. याची जागा वेल्डर घेईल.” मी परवान्यावरचे नाव बदलले. सही करताना माझ्या मनात आले की काल संध्याकाळी याच माणसाला मी तब्येत विचारली होती आणि तो ‘ठीक आहे’ म्हणाला होता. साहेबाला दुसरे काय सांगणार? हजेरी बुडाली तर पगार कापला जातो, हे तोही जाणत होता आणि मीही. पण देवापुढे, आपल्या माणसांत उभा राहून, त्याला खोटे बोलावेसे वाटले नाही.

अकराच्या सुमारास झाकणाचे बोल्ट सैल झाले होते, झाकण अजून जागेवरच होते, आणि वेल्डर ओरडला, “काटा चढतोय!” सक्शन व्हॉल्व्ह पुरता बसला नव्हता, त्याच्या बैठकीवर गंज अडकला होता. दोघे तत्काळ मागे सरले. झाकणाच्या फटीतून फुसफुसत वायू आला, डोळ्यांत सुया टोचल्यासारखे झाले, पण तोवर वेल्डरने सगळा जोर लावून व्हॉल्व्ह आणखी दीड फेरा आवळला होता आणि पाण्याचा फवाराही सोडला होता. आम्ही सगळे वारा जिकडून येत होता त्या बाजूला, अंगणात येऊन उभे राहिलो. कुणालाही इजा झाली नव्हती. वेल्डर ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणाला, फोरमनने गा भाषेत आभाराचे भजन धरले आणि ज्याची मुलगी आजारी होती तो पाण्याची बादली घेऊन एकेकाचे डोळे धूत राहिला. माझेही त्यानेच धुतले.

सील संध्याकाळी बसले. रात्री यंत्र सुरू झाले आणि पहाटे होड्यांना लाद्या मिळाल्या. मुलीचा ताप शुक्रवारी उतरला. माझी सूचना मी मागे घेतली आणि परवान्यावरची तब्येतीची सही प्रार्थनेनंतर घ्यायची, असा नियम केला.

पुढच्या मंगळवारी फोरमनने नेहमीप्रमाणे सगळ्यांना विचारले आणि शेवटी माझ्याकडे वळला. मी सांगितले की गुरुवारी रत्नागिरीला माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे आणि मला जाता येणार नाही. त्याने तिचे नाव विचारले. ते त्याला नीट उच्चारता येईना, म्हणून त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले, बाकीच्यांनीही म्हणून पाहिले, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटले.