स्लीपिंग बॅग मिलिटरीची का दुकानातली?

राजेहो, डिसेंबरात चिखलदऱ्याला तंबू ठोकायचा बेत आहे. उंची ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या वावरातल्या जागलीच्या थंडीचा हिशेब तिथं चालत नाही. म्हणून आज गल्लीतल्या माजी सैनिक काकांच्या अंगणात दोन स्लीपिंग बॅगा उलगडून पाहिल्या.

पहिली मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे सैन्यानं विकायला काढलेल्या मालातली, आत पिसं भरलेली. निम्म्या भावात, कापड दणकट. पण वजन? गव्हाचं अर्धं पोतं! काकांनी आधी चेन दोनदा ओढून पाहिली, मग आत नाक घातलं. कुबट वास आला म्हणजे माल ओलीत पडलेला, अन् पिसांचा गोळा झाला की ऊब गेली.

दुसरी दुकानातली, सिंथेटिक, म्हणजे आत कृत्रिम धाग्याचं भरण. ही ओली झाली तरी बरीच ऊब धरते, लवकर वाळते. तंबूत रात्री श्वासाच्या वाफेचं आतून पाणी सुटतंच, त्यामुळे हा मुद्दा मला मोठा वाटतो. फक्त लेबल नीट वाचा. मोठ्या अक्षरातला तापमानाचा आकडा बरेचदा ‘एक्स्ट्रीम’चा असतो, म्हणजे जीव कसाबसा वाचेल एवढाच. झोप लागायची तर ‘कम्फर्ट’चा आकडा पाहायचा.

"काऊन बे, पाठीवर नेतं का गाडीवर?" काकांनी विचारलं. सगळं गणित तिथंच सुटलं. गाडी दारात लागणार असती तर मिलिटरीचीच उचलली असती. आम्ही पायी हिंडणार, म्हणून हलकी सिंथेटिक घेतली. वाचलेल्या ताकदीत फोमची चटई नेतो, कारण अंगाखाली दबलेलं भरण जमिनीचा गारवा अडवत नाही.

कोणाकडे जास्तीची चटई आहे का?