यंदा किल्ला नाही, पारसिकचा डोंगर: कामाची नोंद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

मंडळी, दिवाळीच्या किल्ल्यांत राजगड झाला. सिंधुदुर्ग झाला, त्याचा समुद्र रात्रीत गळून पार्किंगचं तळं झालं ते तुम्हाला आठवत असेल. गेल्या वर्षी माहुली केला, तर पोरांनी भाऊबिजेच्या दुपारी चेंडू मारून नवरा-नवरीचे सुळके पाडले. यंदा मी किल्ला करत नाहीये. ठाण्याशेजारच्या आमच्या कळव्याच्या घराच्या खिडकीतून जो रोज दिसतो, तो पारसिकचा डोंगर करतोय.

इमारतीतल्या पोरांना हे सांगितलं तर त्यांचे चेहरे पडले. "काका, पण किल्ला कुठाय त्यात? महाराज कुठे बसवायचे?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो तसाच टांगून ठेवलाय.

डोंगर निवडण्यामागे कारण आहे. माझी पंचवीस वर्षं फास्ट लोकलने या डोंगराच्या पोटातून गेली. ठाणं सुटलं, कळवा कारशेड मागे पडली की अंधार व्हायचा, दारातली पोरं आरडाओरडा करायची, आणि दोन मिनिटांत मुंब्र्याच्या बाजूला उजेड. बोगदा १९१६ चा, लांबी १.३ किलोमीटर. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायला लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. माझी मुलगी सातवीत आहे. तिला बोगद्यातला तो आवाज आठवत नाही. एवढ्या वर्षांत मलाही डोंगर असा दिसलाच नव्हता. दिसायचा तो काळोख.

पाया म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्यांनी काढून टाकलेला जुना फ्लश दरवाजा मिळाला. साधारण २ मीटर लांब, ८५ सेंटीमीटर रुंद. आठ विटांवर आडवा ठेवला, वर प्लॅस्टिकचा कागद. सेक्रेटरींनी विचारलं, "हे पाडव्याला निघेल ना?" म्हटलं, भाऊबिजेला.

मंगळवार, रात्र

मापाचा घोळ. मी आधी १:१००० धरलं होतं, कारण हिशोब सोपा, बोगदा १३० सेंटीमीटर. कागदावर नकाशा काढून दरवाजावर अंथरला तेव्हा ट्यूब पेटली. पारसिकची रांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे, म्हणून दरवाजाची लांबी मी तिला दिली. बोगदा मात्र तिला आडवा छेदतो, म्हणजे तो जाणार रुंदीतून, आणि रुंदी ८५. बोगद्याची दोन्ही तोंडं दरवाजाबाहेर, हवेत.

म्हणून १:२०००. बोगदा ६५ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर जमीन, उत्तर टोकाला खाडी आणि रेतीबंदर मावतंय. दक्षिणेकडची रांग पार बेलापूर-खारघरच्या दिशेला जाते, ती मी दरवाजाच्या कडेला सरळ कापली. पावाच्या स्लाइससारखी. वाईट दिसतंय, पण डोंगर संपल्यासारखा उतार देणं हे त्याहून मोठं खोटं.

या मापात डोंगर जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर उंच होतो. पुठ्ठ्याचे थर रचून पाहिले, तर तव्यावरची पोळी फुगायला लागावी तसा. म्हणून उंची दुप्पट. नकाशावरची दर २० मीटरची रेषा म्हणजे मॉडेलवर २ सेंटीमीटर, पाच मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे चार थर. काही जण म्हणतील की ही फसवणूक आहे. आपण राजगडाचा बालेकिल्ला किती पट उंच करतो ते एकदा पट्टीने मोजा, मग बोलू.

रविवार

हात चालेना, म्हणून डोंगरच चढून आलो. मुलगी सोबत होती.

मुंब्रा स्टेशनला उतरलो, देवीच्या पायऱ्या धरल्या. नवरात्र उलटून गेलेलं, त्यामुळे गर्दी नाही. झेंडूची सुकलेली तोरणं, एक आजी हातातली पिशवी दर वळणावर खाली ठेवून दम खात होत्या. पावसाचं गवत अजून हिरवं होतं, पण शेंड्यांना पिवळं पडायला लागलेलं. कुर्डू ठिकठिकाणी फुललेला, खाली पांढरा आणि टोकाला गुलाबी. मुलीने चार तुरे तोडले आणि मॉडेलवर लावायचे म्हणाली. मी मापाचा हिशोब सांगितला, की उंची दुप्पट धरली तरी दहा सेंटीमीटरचा तुरा म्हणजे शंभर मीटरचं झाड. तिने तुरे टाकले नाहीत.

वर एका कठड्याला टेकून मी वही काढली. तिथून जे दिसलं त्याने माझा निम्मा नकाशा बदलला.

एक तर उतार. कळव्याकडून डोंगर वस्ती अंगावर घेत टप्प्याटप्प्याने चढतो. बोगद्याच्या पश्चिमेकडच्या तोंडाच्या वरसुद्धा घरं आहेत. मुंब्र्याकडे तो एकदम उठतो, जणू कुणी पाठीमागून टेकू दिलाय. मी दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या, मुटका थापावा तशा. येताना बायपासवरून रिक्षाने आलो, तेव्हा रस्त्यासाठी फोडलेल्या खडकात कारण दिसलं. थर आडवे नाहीत, पश्चिमेकडे कललेले आहेत. माथेरानच्या कड्यात लाव्ह्याचे थर कसे घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे आडवे असतात? इथे ती चळत एका बाजूला झुकलीय. भूगर्भवाले याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेला दख्खनचा लाव्हा या पट्ट्यात समुद्राच्या दिशेने वाकला. थरांची पाठ पश्चिमेला आणि तुटलेली कड पूर्वेला. म्हणून एका बाजूने उतरण, दुसऱ्या बाजूने कडा. रिक्षावाल्याला जरा थांबवायला सांगितलं, तर तो म्हणाला, "इथे नको, वरून दगड येतात," आणि ते बरोबरच होतं.

दुसरं, घळी. खालून डोंगर सलग वाटतो. वरून बघा, दर दोन-चारशे मीटरला पाण्याने ओरखडलेली घळ आहे आणि झाडी सगळी त्या घळींत जमलेली आहे. धारेवर नुसतं गवत आणि काळा दगड. आपण काय करतो, हिरवा भुसा सगळीकडे सारखा भुरभुरवतो.

आणि तिसरं म्हणजे रूळ. पायथा आणि खाडी यांच्यामध्ये केवढीशी पट्टी आहे, आणि रेल्वे तिच्यातून अंग चोरून जाते. १ मे १८५४ ला ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली ती याच कडेकडेने. हा मोठा बोगदा व्हायला पुढे साठेक वर्षं जावी लागली. पलीकडे उल्हास नदी, दिव्याकडचं खारफुटीचं रान, मागे धुरकट मलंगगड. पश्चिमेला ठाण्याचे टॉवर आणि त्यांच्यामागे येऊरचे डोंगर. मुलगी तिथे उभी राहून खालच्या लोकल मोजत होती. वीस मिनिटांत अकरा.

घरी आल्यावर पुठ्ठ्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग फाडून काढला.

बुधवार

पुठ्ठा संपला. विषयच संपला.

काल रात्री परतीचा पाऊस आला. पार्किंगला छप्पर आहे, पण झड तिरपी होती आणि मी वर ताडपत्री टाकली नव्हती. सकाळी बघतो तर थर भिजून एकमेकांत बसलेले, माथा दोन इंचांनी खचलेला. जिथे डिंक कमी होता तिथे घसरून खाली. गंमत अशी की घसरण मुंब्र्याच्या बाजूलाच झाली. डोंगराचा स्वभाव पुठ्ठ्यालाही कळला म्हणायचा.

आता जुनीच रीत. चौथ्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू आहे, तिथलं डेब्रिज तीन घमेली आणलं. विटांचे तुकडे मांडून सांगाडा, उंचीच्या खुणेला प्रत्येक ठिकाणी त्या त्या लांबीची काडी खोचलेली. काडी बुडेपर्यंत भरायचं, वर जायचं नाही. त्यावर गव्हाचं पोतं चिखलात बुडवून पांघरलं. पोतं जिथे आत ढकललं तिथे आपोआप घळ झाली, हे पुठ्ठ्यात कधीच जमलं नसतं. चिखलात लाल माती दोन भाग, काळी माती एक भाग आणि मूठभर बारीक चिरलेलं सुकं गवत, म्हणजे तडे कमी जातात. थर्माकोल सुचवणाऱ्यांना नम्र विनंती: राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही तो चिखल धरत नाही.

बोगद्यासाठी दीड इंची पीव्हीसी पाइप, ६५ सेंटीमीटर कापलेला. मापाने बघायला गेलं तर बोगदा चार-पाच मिलिमीटरचा हवा, स्ट्रॉएवढा. पण त्यातून गोटी जायला हवी, ही पोरांची एकमेव अट होती. गोटी जात होती, मधेच अडकायला लागली. विटेचा तुकडा पाइपवर बसून पाइप चेपला होता. पुन्हा उपसा, पुन्हा भरा. रात्रीचे बारा वाजले. आत मोबाइलचा टॉर्च मारून पलीकडून पाहिलं, उजेडाचा गोल अख्खा आला तेव्हा झोपायला गेलो.

शुक्रवार

बारीकसारीक कामं. रेल्वेसाठी १२ डब्यांची लोकल या मापात साधारण १२-१३ सेंटीमीटर होते, म्हणजे तीन आगकाड्या एकामागे एक. पायथ्याच्या रुळांवर तीन-तीन काड्यांच्या चार गाड्या चिकटवल्या. बोगद्याच्या तोंडाशी एक मेल, साडेसहा काड्या. गुल काढून टाका, नाहीतर सगळ्या गाड्यांना लाल डोकं येतं.

खाडीचा रंग. निळ टाकणाऱ्याने स्वतःला ठाणेकर म्हणवू नये. मी चहाचं पाणी, राख आणि जरासा गेरू मिसळून फेविकॉलमध्ये घातलं, दोन हात दिले. ओहोटीची खाडी हुबेहूब. खारफुटीला लाकडाचा भुसा गडद हिरवा रंगवून फक्त काठाला.

अळीव पेरले. नवीन लोकांसाठी सांगतो, तीव्र उतारावर मोहरी घरंगळून पायथ्याशी जमा होते आणि नाचणी उंच वाढून डोंगर शेतासारखा दिसतो. अळीव ओल्या मातीला लागला की बुळबुळीत होऊन जागच्या जागी चिकटतो, कड्यावरसुद्धा. दाट पेरला फक्त घळींत, धारेवर चिमूटभर. धार कोळशाच्या पुडीने काळी केली. दिवसातून तीनदा फवारा, पाणी ओतायचं नाही.

सोमवार

महाराजांचा प्रश्न सुटला. दहा सेंटीमीटरची मूर्ती माथ्यावर ठेवली तर माझ्या मापात ती निम्म्या डोंगराएवढी उंच होत होती, आणि मला ते खपत नव्हतं. पोरांची कुजबूज झाली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सहावीतल्या मुलाने दरवाजासमोर एक स्टूल आणून ठेवलं, त्यावर भगवं कापड, त्यावर महाराज, तोंड डोंगराकडे. म्हणाला, "काका, अजून किल्ला बांधला नाहीये. महाराज जागा बघायला आलेत." मावळे स्टुलाभोवती आहेत, दोघं वाटेत पाणी पितायत. कुर्डूचे तुरे स्टुलाच्या चारी कोपऱ्यांना लागले, वाळले आहेत तरी रंग आहे.

अळीव तिसऱ्या दिवशी फुटला, आज बोटाच्या पेराएवढा. घळी हिरव्या, धार काळी, वरून बघितलं तर कठड्यावरून दिसलेलं तेच. पण पार्किंगला उजेड एकाच बाजूने येतो, रस्त्याकडून. झाडून सगळा अळीव रस्त्याकडे मान करून उभा आहे, कळव्याच्या बाजूला तर पार आडवा झालाय. दरवाजा उलटा फिरवायला हवा. चिखल, विटा आणि पाणी धरून तो किती जड झालाय ते काल एक कोपरा उचलून पाहिलं, उचलला नाही. उद्या सकाळी सहाला वॉचमन, दोन शेजारी, मी आणि खाली सरकवायला नारळाच्या काथ्याचं पायपुसणं. बोगद्यात सध्या दोन गोट्या आहेत, त्या आधी काढायच्या.