मोझेलच्या उभ्या चढावरची रीसलिंग: उर्त्सिगमधील एका घरच्या वायनरीला भेट

मोझेल नदीच्या खोऱ्यात वाइनसाठी जायचे असेल, तर भव्य इमारत आणि शिस्तीत फिरवून आणणारा मार्गदर्शक मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. जर्मनीच्या पश्चिमेकडील या खोऱ्यातली चांगली वाइन बहुतांशी घराघरांत होते. खाली तळघर, वर कुटुंबाचे राहते घर आणि मागे किंवा नदीपलीकडे उभ्या चढावर त्यांचे वेल, अशी मांडणी गावोगाव दिसते. वेलांना फुलोरा येण्याच्या दिवसांत, म्हणजे जूनमध्ये, आम्ही मध्य मोझेलमधील उर्त्सिग या गावी अशाच एका कुटुंबाकडे उतरलो होतो. त्यांचे नाव मी इथे देत नाही, कारण ती खासगी माणसे आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते त्या खोऱ्यातल्या अनेक घरांना लागू पडते. एकाच घरात, एकाच वर्षी, एकाच वाणापासून केलेल्या दोन वाइन केवळ पायाखालचा दगड बदलल्यामुळे वेगळ्या लागतात. आणि हा फरक आज आपल्याला चाखता येतो, तो त्या चढावर हाताने राबणारी घरे अजून टिकून आहेत म्हणून.

मोझेल फ्रान्समधल्या व्होझ डोंगरांत उगम पावते आणि ट्रियर ओलांडल्यावर इतकी वळणे घेत कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते, की ट्रियर ते कोब्लेन्झ हे अंतर नदीच्या वाटेने जवळजवळ दुप्पट होते. या वळणांवरच इथली द्राक्षशेती उभी आहे. हा भाग ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो, आणि इतक्या उत्तरेला रीसलिंगसारखे पांढऱ्या द्राक्षाचे, उशिरा पिकणारे वाण कुठेही लावले तर भरवशाने पिकत नसे. वळणाच्या ज्या काठाचे तोंड दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे आहे, तिथे मात्र चढामुळे ऊन जवळजवळ सरळ पडते, नदी गारठ्याची धार कमी करते आणि दगड दिवसभराची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो. म्हणून कित्येक ठिकाणी गाव एका काठावर आणि त्याच्या बागा समोरच्या काठावर दिसतात. वेलेन हे गाव डाव्या काठावर आहे, तर ज्या बागेमुळे त्याचे नाव जगभर पोहोचले ती ‘वेलेनर झोनेनऊर’ उजव्या काठावर. बागेत काम करणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून योडोकस प्रूम यांनी १८४२ मध्ये तिथल्या खडकावर बांधलेले सूर्यघड्याळ आजही नदीपलीकडून स्पष्ट दिसते.

तो दगड म्हणजे स्लेट, आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल दाबाखाली थराथरांनी घट्ट होऊन तो तयार झाला. वेलेन, ग्राख, बेर्नकास्टेल या पट्ट्यात तो निळसर करडा आहे. उर्त्सिगच्या डोक्यावरची ‘व्युर्त्सगार्टन’ ही बाग मात्र पाहताक्षणी वेगळी कळते. तिथली जमीन लाल आहे, कारण तिथे नंतरच्या, पर्मियन काळातला, लोहामुळे लाल झालेला आणि ज्वालामुखीजन्य खडक मिसळलेला थर वर आलेला आहे. दोन्ही बागांतले चार-चार तुकडे उचलून हातात घ्यावेत. निळ्या स्लेटचे पापुद्रे बोटांनी सुटतात आणि कडा धारदार असतात. लाल दगड जास्त ठिसूळ वाटतो आणि त्याची भुकटी बोटांना लागते. वेलाची मुळे या भेगांमधून खोल उतरतात. पावसाचे पाणी झटकन निचरून जात असल्यामुळे वेलाला फार लाडात वाढता येत नाही, आणि माझ्या मते रीसलिंगला तेच मानवते.

बागेत आम्हाला घरातली थोरली मुलगी घेऊन गेली. तिने गाइझेनहाइम येथील द्राक्षविद्येच्या संस्थेत शिक्षण घेतले आहे आणि आता तळघराचा कारभार तीच पाहते. आपल्याकडच्या मांडवाची सवय असलेल्या डोळ्यांना इथली वेलांची रचना नवी वाटते. जुन्या बागांमध्ये तारा नाहीत. प्रत्येक वेलाला स्वतंत्र लाकडी खांब आहे आणि छाटणीनंतर राखलेल्या दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून खांबाला अशा बांधतात, की त्यांचा हृदयासारखा आकार होतो. तारा नसल्यामुळे कामगाराला आडवे जाता येते. एवढ्या चढावर एकाच ओळीतून सतत वर-खाली करणे माणसाला झेपणारे नाही, म्हणून ही सोय टिकून आहे. वर जाण्यासाठी काही ठिकाणी एका रुळावरून दाते पकडत चढणारी छोटी मोटारगाडी आहे, आणि ती नसेल तिथे पायऱ्या. कापणीच्या वेळी द्राक्षे पाठीवरून किंवा याच गाडीतून खाली येतात. अशा चढावर एका हेक्टरला लागणारे श्रमाचे तास यंत्राने होणाऱ्या सपाट बागेच्या कित्येक पट होतात, हे ऐकून माहीत असले तरी दोन ओळी चढून गेल्यावरच त्याचा अर्थ कळतो. खोऱ्यात याहून तीव्र चढही आहेत. ब्रेम गावाजवळचा ‘काल्मोन्ट’ ही युरोपातली सर्वांत उभी द्राक्षबाग मानली जाते आणि तिथला कोन सुमारे ६५ अंशांपर्यंत जातो.

या कुटुंबाची सगळी जमीन मिळून फार नाही, आणि तीही एका जागी नाही. एक तुकडा व्युर्त्सगार्टनमध्ये, एक शेजारच्या एर्डेनच्या हद्दीत, एक नदीच्या वरच्या अंगाला झोनेनऊरमध्ये. हे असे का, याचे उत्तर वाटण्यांमध्ये आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ऱ्हाइनच्या डाव्या काठावरचा हा मुलूख फ्रान्सच्या ताब्यात गेला, मठांच्या जमिनी लिलावात निघाल्या आणि सर्व वारसांना समान वाटा देण्याची पद्धत पक्की झाली. पिढ्यान्‌पिढ्या पट्टे अरुंद होत गेले आणि लग्नसंबंधांतून गावोगावचे तुकडे एका घरात आले. शेतीच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे यात शंका नाही. चाखणाऱ्याला मात्र याचा मोठा लाभ होतो: एकाच हाताने, एकाच तळघरात केलेली वेगवेगळ्या दगडांवरची वाइन एका टेबलावर येते. जमिनीची चव समजून घ्यायची असेल तर याहून चांगली सोय मला अन्यत्र दिसलेली नाही.

इथला इतिहास रोमन काळापर्यंत मागे जातो. पीसपोर्ट येथे १९८५ मध्ये चौथ्या शतकातली द्राक्षे पिळण्याची जागा सापडली, आणि नोयमागेनचे पिंपांनी लादलेले दगडी जहाज, जे इसवी सन २२० च्या सुमाराचे मानतात, ट्रियरच्या ऱ्हाइनिशेस लान्डेसम्युझेउममध्ये आहे. ट्रियरला थांबणार असाल तर ते चुकवू नये. रीसलिंगचा पसारा पुष्कळ नंतरचा. १७८७ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस याने हलक्या प्रतीचे वेल काढून चांगले वेल लावण्याचा हुकूम काढला, त्यानंतर या पसाऱ्याला जोर आला.

चाखण्याची बैठक तळघराशेजारच्या खोलीत झाली. मोझेलमध्ये परंपरेने सुमारे १००० लिटरचे ‘फुडर’ नावाचे जुने ओक लाकडाचे पिंप वापरतात. लाकूड इतके जुने असते की त्याचा वास वाइनला लागत नाही; हवा मात्र अगदी बेताने आत जाते. या घरात काही वाइन फुडरमध्ये आणि काही स्टीलच्या टाकीत होते, आणि आंबवण्यासाठी बाहेरचे यीस्ट न घालता द्राक्षांबरोबर व तळघरात असलेल्या यीस्टवरच भिस्त ठेवतात. अशा तरुण वाइनला सुरुवातीला नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा वास येतो. तो दोष समजून पेला बाजूला सारू नये. पेला हलवून थोडा वेळ थांबले की तो निघून जातो.

आधी निळ्या स्लेटवरची काबिनेट, म्हणजे पक्वतेच्या प्रतींतली सर्वांत हलकी, ओतली गेली. सुमारे आठ टक्के अल्कोहोल, जिभेच्या टोकावर गोडी आणि तिच्या पाठोपाठ तितकाच आंबटपणा. हिरवे सफरचंद, पांढरे पीच, मग ओल्या दगडासारखे काहीतरी, आणि शेवट अगदी स्वच्छ. नंतर व्युर्त्सगार्टनची, त्याच वर्षाची, त्याच प्रतीची. रंगात फरक दिसत नव्हता, पण वास आधीच दुसरीकडे नेत होता: पिकलेले फळ, थोडे आले, वाळलेल्या औषधी वनस्पती, आणि तोंडात अधिक भरलेपणा. आंबटपणा होता, पण तो रेषेसारखा सरळ न राहता पसरत होता. दगडातले खनिज जसेच्या तसे पेल्यात उतरते असे शास्त्र सांगत नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. निचरा, उष्णता, मातीची खोली आणि त्यामुळे बदलणारी पिकण्याची गती यांचा हा एकत्रित परिणाम असावा. कारण काहीही असो, पेल्यांची अदलाबदल करून, न पाहता चाखले तरी फरक ओळखता येत होता. शेवटी त्यांनी वीसहून अधिक वर्षे जुनी श्पेटलेझे, म्हणजे काबिनेटच्या वरची प्रत, उघडली. गोडी आत मुरलेली, मध आणि सुक्या जर्दाळूचा स्वाद, आणि वर रॉकेलची पुसट झाक, जी जुन्या रीसलिंगची ओळख आहे. एवढ्या हलक्या वाइनने इतके टिकावे, हे त्या आंबटपणाचे आणि साखरेचे काम.

हवामान बदलले आहे आणि त्याविषयी ही माणसे मोकळेपणाने बोलतात. पूर्वी द्राक्ष पिकेल की नाही याची चिंता असे. आता ते वेळेआधी पिकून आंबटपणा गमावेल याची असते. उणे ७ अंश किंवा त्याखालच्या थंडीत वेलावरच गोठलेल्या द्राक्षांची आइसवाइन दुर्मीळ होत चालली आहे. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडीच न पडल्यामुळे देशभर तिची कापणी होऊ शकली नाही. उलट लवकर फुटलेल्या कोंबांना उशिराच्या थंडीचा धोका वाढला, आणि एप्रिल २०२४ मधल्या गोठवणाऱ्या थंडीने मोझेल, झार आणि रुवर या भागांत मोठे नुकसान केले. छोट्या घराला असे एक वर्ष फार महाग पडते.

आता जाणाऱ्यांसाठी. फ्रांकफुर्टहून रेल्वेने कोब्लेन्झ गाठावे आणि तिथून ट्रियरच्या दिशेने जाणारी गाडी धरावी. कोखेमपर्यंत ती नदीकाठाने जाते, म्हणून खिडकीची जागा घ्यावी. बुलाय येथे उतरून ट्राबेन-ट्रारबाखची छोटी शाखा गाडी मिळते आणि पुढे बस. किंवा व्हिट्लिशपर्यंत जाऊन बेर्नकास्टेल-कूसची बस घ्यावी. उर्त्सिग नावाचे स्टेशन नकाशावर दिसेल, पण ते गावापासून काही किलोमीटर दूर, डोंगरापलीकडे आहे. सामान घेऊन तिथे उतरू नये. रविवारी बस विरळ होतात आणि दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाणी व खाण्याचे सामान घेऊन ठेवावे. मुक्कामासाठी बहुतेक वाइनघरांकडे एक-दोन खोल्या असतात आणि हॉटेलपेक्षा त्या घेणे केव्हाही चांगले, कारण संध्याकाळी चाखून झाल्यावर गाडी चालवण्याचा प्रश्नच उरत नाही. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे आणि वळणांच्या या रस्त्यांवर तिच्या जवळपासही जाऊ नये. नदीकाठचा सायकलमार्ग सपाट आणि सुंदर आहे, पण सायकलस्वारालाही दारूचे नियम लागू होतात.

भेटीची वेळ आधी ईमेलने किंवा फोनने ठरवावी आणि ती पाळावी. इथे स्वागतकक्ष नसतो. तुमच्यासाठी कोणीतरी बागेतून खाली आलेले असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कापणी चालते, तेव्हा घरातली सगळी माणसे चढावर असतात आणि बागांमधल्या काही वाटाही बंद ठेवतात. मे, जून किंवा सप्टेंबरचा आरंभ हे दिवस चांगले. बेर्नकास्टेल-कूसचा मोठा वाइनउत्सव सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो. गर्दी चालत असेल तरच त्या दिवसांत खोली शोधावी, तीही कित्येक महिने आधी. चाखण्याचे पैसे कुठे घेतात, कुठे नाही; तरी मनापासून आवडलेल्या बाटल्या घेऊनच निघावे, आणि युरोमध्ये रोख जवळ ठेवावी, कारण सर्वच घरांत परदेशी कार्ड चालत नाही.

लेबल वाचायला थोडे शिकून जावे. ‘ट्रोकेन’ म्हणजे कोरडी, ‘फाइनहेर्ब’ म्हणजे थोडी गोडी राखलेली, आणि काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या चढत्या प्रती द्राक्षाच्या पक्वतेच्या आहेत. त्यांवरून गोडी नेमकी कळेलच असे नाही. त्यासाठी अल्कोहोलचा आकडा पाहावा: आठ-नऊ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, बारा असेल तर कोरडी. ‘गुट्सआबफ्युलुंग’ लिहिले असेल तर वाइन त्याच घराने स्वतःच्या द्राक्षांपासून करून भरली आहे. गावाचे नाव आणि पुढे दुसरे नाव दिसले की ती एकाच बागेची वाइन असे मात्र गृहीत धरू नये. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन’ ही एक नेमकी बाग आहे, तर ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ या नावाखाली अनेक गावांची द्राक्षे येऊ शकतात. दोन्ही लेबले सारखीच दिसतात आणि पेल्यात मोठा फरक असतो.

शाकाहारी मंडळींनी ‘श्ट्राउसव्हिर्टशाफ्ट’ शोधावी. वर्षातून चार महिन्यांपर्यंत, चाळीस जणांपर्यंत बसवण्याची परवानगी असलेली ही वाइनघरांची स्वतःची खानावळ असते. चीजचे ताट, ब्रेड, बटाटा मिळतो. फ्लामकुखेन, म्हणजे पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी, सांगताना त्यात डुकराचे मांस नको असे आवर्जून सांगावे. पायात पकड असलेले बूट हवेत, कारण सुटी स्लेट घसरते. परतताना भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोनच बाटल्या. त्या निवडायच्या झाल्या तर एकाच घरच्या, एकाच वर्षाच्या आणि एकाच प्रतीच्या, पण एक निळ्या स्लेटची आणि एक लाल जमिनीची अशा घ्याव्यात, आणि घरी दोन्ही एकाच संध्याकाळी उघडाव्यात.