वाचलंय तुम्ही!

ऑर्कुट ही गूगलची सोशल साइट २००४ साली आली आणि २०१४च्या सप्टेंबरात बंद झाली. तिच्यावर मित्र आपल्याबद्दल चार शब्द लिहायचे, त्या टेस्टिमोनियलमधलं एक अक्षर आता आठवत नाही, पण आपल्या प्रोफाइलवर कोण कोण येऊन गेलं ती यादी पक्की लक्षात आहे. तीत हवं ते नाव दिसलं की दिवस सत्कारणी लागायचा. मात्र व्यवहार रोखठोक होता. आपलं डोकावणं लपवलं, तर आपल्याकडे कोण डोकावलं तेही कळायचं नाही.

फेसबुकच्या २००९ सालच्या 'लाइक'च्या अंगठ्यावर बरंच लिहून झालंय, तो राहू दे. माझ्या मते लोकांना खरी गोडी आहे ती कोण बघतंय हे बघण्याची. व्हॉट्सॲपच्या ब्लू टिकलाही तोच ऑर्कुटचा नियम: स्वतःची बंद केली की दुसऱ्याचीही दिसत नाही. पण ही पळवाट ग्रुपमध्ये चालत नाही, आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सगळा कारभार त्यावरच उभा आहे.

टाकी धुण्याच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका खांद्यावर टॉवेल टाकून खाली येतात. "पाणी नाही हे सांगायची काही पद्धत?" सेक्रेटरी शांतपणे आपला कालचा मेसेज दाबून धरतात, 'इन्फो' उघडतात आणि चष्मा वर सरकवतात. "रात्री नऊ बारा. वाचलंय तुम्ही."

"मी नाही हो, फोन नातवाकडे होता."

यावर व्हॉट्सॲपकडेही उत्तर नाही. जाणकार मंडळी तर ग्रुप उघडतच नाहीत. वर नोटिफिकेशनमध्ये दिसतं तेवढं वाचायचं आणि टिक निळी होऊ द्यायची नाही. मेंटेनन्सच्या थकबाकीचा मेसेज बहुतेक जण असाच वाचतात.

२०२२च्या अखेरीस पोल आला, तेव्हा वाटलं, आता तरी लोक मोकळेपणाने मत देतील. पण कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी दिसतं, आणि दिलेलं मत बदलताही येतं. म्हणजे वार्षिक सभेत आजूबाजूला बघून हात वर करायची सोय आता घरबसल्या. कोजागिरीला सकाळी मिसळ अकरा मतांनी पुढे होती. दुपारी सेक्रेटरींनी पावभाजीवर बोट ठेवलं आणि दिवेलागणीपर्यंत मिसळ चारवर आली. मीही पावभाजीतच होतो. मला ती खरंच आवडते.