बेंच अडकला, तिथून पुढचे सोळा आठवडे

आज सोळावा आठवडा संपला. मधे दोन-तीनदा तुकड्यातुकड्यांत लिहून ठेवलं होतं, ते आज नीट जुळवून टाकतेय. मी सात महिने जिथे अडकले होते, तिथे तुमच्यातले बरेच जण आत्ता असणार.

आधी कुठे होते ते सांगते. जिममध्ये वजनं उचलायचा व्यायाम सुरू करून तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष मस्त गेलं, दर आठवड्याला बारवर (प्लेट्स लावायच्या लोखंडी दांड्यावर) काहीतरी वाढायचं. (सुरुवातीची बरीचशी वाढ स्नायूंची नसते, मज्जासंस्थेची असते. आहे तेवढाच स्नायू जास्त चांगला वापरायला शरीर शिकतं. हे मला फार उशिरा कळलं.) मग गाडी हळूहळू थांबली. गेल्या सात महिन्यांत माझं वजन ५७.८ वरून ५७.६ किलो. दंड २७.५ सेंटीमीटर, मांडी ५३. टेप तोच, जागा तीच, सकाळची वेळ तीच, आणि आकडाही तोच.

वही उघडली की मात्र वेगळंच दिसायचं. त्याच सात महिन्यांत आठ रेप्सचा (म्हणजे सलग आठ वेळा केलेला) स्क्वॉट, खांद्यावर बार घेऊन मारायची बैठक, ६० वरून ६७.५ किलोवर आणि बेंच, म्हणजे उताणं झोपून छातीवरून बार ढकलणं, ४० वरून ४२.५ वर गेला होता. बेंच नंतर तिथेच रुतून बसला, पण स्क्वॉट चढतच होता. ताकद वाढतेय आणि अंगावर काहीच दिसत नाही, म्हणजे प्रोग्रॅम चुकीचा, असं मी धरून चालले. सात महिन्यांत चार प्रोग्रॅम बदलले.

उत्तर निघालं एका व्हिडिओतून. माझ्यासोबत व्यायाम करणारी मैत्रीण एकदा स्क्वॉटच्या सेटनंतर (न थांबता केलेले रेप्स म्हणजे एक सेट) म्हणाली, "अगं, तू खाली कुठे थांबतेस ते एकदा बघ तरी." तिने बाजूने शूटिंग केलं. घरी येऊन मी फोनमधला साधारण वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ काढला आणि दोन्ही शेजारी लावून पाहिले. जुन्यात ५० किलो घेऊन माझं कंबरेचं हाड गुडघ्याच्या रेषेखाली जात होतं. नव्यात ६७.५ किलो होते आणि मांडी जमिनीला समांतरसुद्धा होत नव्हती, चांगली चार बोटं वर थांबत होती. बेंचचंही तेच. बार छातीवर टेकत नव्हता, आपटून उसळत होता, आणि कंबर बेंचवरून सुटत होती.

त्या रात्री मी बराच वेळ वही घेऊन बसले. प्रत्येक अडीच किलोमागे मी थोडीथोडी खोली सोडत गेले होते. एकदम सोडली असती तर लक्षात आलं असतं. वहीत 'आठ' लिहिलेलं दर वेळी आठच होतं, पण त्यातला एकेक रेप आधीच्यापेक्षा लहान झाला होता. स्नायूवर ताण आधी होता तेवढाच पडत होता, फक्त जास्त किलोंनी. मग तो वाढेल कशाला?

म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं खाली उतरवलं. बेंचला छातीवर एक सेकंद पूर्ण थांबायचं, मगच ढकलायचं. स्क्वॉट दर वेळी पूर्ण खोल. ओव्हरहेड प्रेसमध्ये (उभं राहून बार डोक्यावर ढकलताना) गुडघ्यांचा झटका बंद. या अटींवर काय निघालं ते लिहिते (किलो × रेप्स): स्क्वॉट ५२.५ × ८, बेंच ३७.५ × ६, ओव्हरहेड प्रेस २२.५ × ८. स्क्वॉटमधून पंधरा किलो गेले. ते लिहिताना फार जड गेलं, पण हे तिन्ही आकडे खरे होते.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रयोग केला, आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मी सेट नेहमी 'अजून दोन निघतील' या बेताने थांबवायचे. हा अंदाज तपासायचा ठरवलं. बेंचला मैत्रीण मागे उभी राहिली. मी म्हटलं दोन निघतील, आणि दोनच निघाले, तिसऱ्याला तिने बार उचलला. मग लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढायचं पाठीचं मशीन), ३५ किलो. नेहमी दहावर थांबते. "अजून दोन," मी म्हटलं. अकरा, बारा, तेरा... पंधराव्याला वेग पडला, सतरावा निघाला, अठरावा अर्ध्यात अडकला. म्हणजे दहाव्याला माझ्याकडे दोन नाही, सात रेप्स शिल्लक होते. लेग कर्ललाही (मशीनवर पाय गुडघ्यात मागे दुमडायचे) तसंच, पाच जास्त. बार अंगावर असला की माझा अंदाज बरोबर येतो, मशीनवर पार चुकतो. पाठीचे आणि मांडीच्या मागच्या बाजूचे माझे जवळजवळ सगळे सेट मशीनवर होते, आणि तिथेच सगळ्यात कमी फरक पडला होता.

तुम्हीही एकदा करून बघा. जिथे अडकलं तर इजा होणार नाही अशा मशीनवर, शेवटच्या सेटला, आधी आकडा मोठ्याने सांगून. स्नायू वाढवायला पाच रेप्सचा सेटही चालतो आणि तीसचाही, पण तो शेवटाजवळ नेला तरच. दहा की बारा यावर मी नको तितका विचार केला. शेवटापासून किती लांब थांबतेय, हा विचार केलाच नव्हता.

यातूनच सेट कमी झाले. छातीला आठवड्याला वीस सेट होते, ते अकरावर आणले. दर स्नायूमागे आठवड्याला दहाच्या पुढे सेट केले तर वाढ जास्त मिळते, असा निष्कर्ष २०१७ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आहे. तो वाचूनच मी वीसवर गेले होते. पण मी वीस करू शकत होते ते प्रत्येक सेट अर्ध्यात सोडत होते म्हणून. खरे अकरा केल्यावर बारावा करायची इच्छाच उरत नाही. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरची गोष्ट इथे आठवते. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय पुन्हा भरून यावेत म्हणून त्यांनी जड वजनांची पद्धत बसवली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट देत. १९४८ पर्यंत त्यांनी ते तीनवर आणले: दहा रेप्सना जेमतेम पेलेल त्या वजनाच्या निम्म्यावर पहिला, पाऊणवर दुसरा आणि पूर्ण वजनावर तिसरा. ही पद्धत बसवणाऱ्या माणसानेच सेट कमी केले होते, हे वाचून मला धीर आला.

विश्रांती ही दुसरी चूक. दोन सेटमध्ये मी मिनिटभर थांबायचे, घाम येतोय म्हणजे छान चाललंय असं वाटायचं. २०१६ च्या एका अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवर एक मिनिट आणि तीन मिनिटं अशी तुलना आठ आठवडे केली होती. तीन मिनिटंवाल्यांची ताकद जास्त वाढली, मांडीचा पुढचा स्नायूही. मी मोठ्या व्यायामांना तीन, छोट्यांना दोन मिनिटं केली. तिसऱ्या सेटचे रेप्स लगेच वाढले: बेंचला ६, ४, ३ यायचे ते ६, ६, ५ झाले.

आता ओव्हरहेड प्रेस, आणि इथे कमी वजन उचलणाऱ्यांशी खास बोलायचंय. जिममधली सगळ्यात छोटी प्लेट बहुतेक वेळा १.२५ किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की अडीच किलो वाढतात. १०० किलोच्या स्क्वॉटला ती अडीच टक्के वाढ झाली. माझ्या २५ किलोच्या प्रेसला ती दहा टक्के होते. दहा टक्क्यांची उडी एका आठवड्यात कुणी मारत नाही. इतके महिने मी २७.५ वर जाऊन दोन रेप्सवर मरत होते आणि परत २५ वर येत होते, आणि खांदे कमजोर आहेत म्हणून स्वतःला दोष देत होते. तिसऱ्या आठवड्यात मायक्रो प्लेट्स घेतल्या, पाव आणि अर्ध्या किलोच्या जोड्या. बॅगेत घेऊन फिरते. आता नियम असा: सहा ते आठ रेप्सची मर्यादा. तिन्ही सेटला आठ निघाले की अर्धा किलो वाढवायचा आणि पुन्हा सहापासून चढायचं. २२.५, २३, २३.५... पाव किलोची प्लेट तळहातावर घेतली तर काहीच वाटत नाही. पण चौदाव्या आठवड्यात बारवर २५.५ होते आणि सात रेप्स निघाले, गुडघे न हलवता. त्या दिवशी मी खूप खूश होते.

खाण्याबद्दल थोडक्यात. सात महिने वजन न हलणं म्हणजे शरीराला बांधायला जास्तीचं काही मिळत नव्हतं. रोज साधारण २०० ते २५० कॅलरी वाढवल्या. प्रोटीन ६५ ग्रॅम होतं, ते ९५ वर नेलं. शरीराच्या दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपासचा आकडा २०१८ च्या विश्लेषणात आला होता, त्यापुढे सरासरी फायदा थांबतो. पाचव्या आठवड्यापासून क्रिएटिन हे सप्लिमेंट, रोज ३ ग्रॅम. त्याने स्नायूत पाणी धरलं जातं, म्हणून खालच्या मापांतला थोडा भाग त्याचाही समजा.

व्यायामांत दोनच बदल केले. लेग कर्ल पालथं झोपून करायचे, ते बसून करते. बसल्यावर मांडीचा मागचा स्नायू जास्त ताणलेला असतो, आणि २०२१ मधल्या बारा आठवड्यांच्या तुलनेत बसून करणाऱ्या पायात तो १४ टक्के वाढला, पालथ्यात ९. याच कारणाने ट्रायसेप्सचा (दंडाच्या मागच्या स्नायूचा) एक व्यायाम डोक्यावर हात नेऊन करते.

सगळं सरळ गेलं नाही. आठव्या आठवड्यात कोपर दुखायला लागलं, तेव्हा निम्मे सेट करून डीलोड, म्हणजे मुद्दाम हलका आठवडा, घेतला. अकराव्यात तापाने पाच दिवस गेले, परत आल्यावर बेंच दोन किलोने खाली. मी घाबरले, पण दहा-बारा दिवसांत तो जागेवर आला.

आजचे आकडे, सगळे व्हिडिओवर तपासलेले: बेंच ४३.५ × ६, छातीवर थांबून. ओव्हरहेड प्रेस २६ × ७. स्क्वॉट ६५ × ८, म्हणजे जुन्या ६७.५ च्या अजूनही खाली, पण कंबर गुडघ्याखाली जातेय. वजन ६०.१. दंड २८.४, मांडी ५५, पोट ७२ वरून ७३.५. पाठीचं माप घेता येत नाही, पण जुना शर्ट काखेत आवळतोय.

पुल-अप मात्र जिथे होता तिथेच आहे. चार निघतात, पाचव्याला हनुवटी बारच्या दोन बोटं खाली राहते. वजन अडीच किलोने वाढलंय, म्हणजे चारच रेप्समध्ये मी आता जास्त उचलतेय हे खरं, पण पाचवा हवाय. पुढचे सहा आठवडे तो पहिला व्यायाम म्हणून ठेवतेय, वरून फक्त सावकाश खाली येण्याचे दोन सेट जोडून. कुणी चारवरून आठवर गेलं असेल तर आठवड्यातून किती वेळा केलं ते जरूर सांगा.

परवा ओव्हरहेड प्रेस आहे. तिन्ही सेटला आठ निघाले तर बारवर २६.५.