विद्युतचुंबक: तारेपेक्षा फट भारी

मंडळी, विद्युतचुंबकाचा गाभा म्हणून घेतलेला बोल्ट बाद केला. हाय-टेन्साइल बोल्ट कडक पोलादाचा. प्रवाह तोडला तरी त्यात चुंबकत्व उरतं आणि खिळे लोंबत राहतात. आता 16 मिलिमीटरचा साधा लोखंडी गज लोहाराकडून नालासारखा वाकवून घेतलाय. वाकवल्यावर पुन्हा लाल करून राखेत गाडून ठेवला. असं सावकाश थंड झालेलं लोखंड मऊ पडतं आणि चुंबकत्व पटकन सोडतं. (जालन्याची टीएमटी सळई हाताशी असली तरी ती नको. तिची वरची कातडी पाणी मारून कडक केलेली असते.)

तार मोटर-वाइंडिंगच्या दुकानातली, 24 गेज, वजनावर. शंभर ग्रॅमच्या आसपास गेली. दोन्ही पायांवर 300-300 फेरे, एकूण रोध 3.4 ओहम. दुसऱ्या पायाची दिशा सांभाळा, एक टोक उत्तर तर दुसरं दक्षिण झालं पाहिजे.

जो येतो तो म्हणतो, "अजून फेरे घाल." बॅटरी तीच, तार तीच, तर फेरे दुप्पट केल्यावर रोधही दुप्पट होतो आणि प्रवाह निम्म्यावर येतो. अँपिअर-फेरे (प्रवाह गुणिले फेरे, चुंबकाचा जोर यावरच) जिथल्या तिथे. फायदा इतकाच की कॉइल कमी तापते. जोर वाढवायचा तर जाड तार घ्या.

मी तर उलट प्रवाह कमी केला. गाडीच्या इंडिकेटरचा 10 वॉटचा बल्ब एकसरीत जोडला, म्हणजे पाऊण अँपिअरच्या आत, सुमारे चारशे अँपिअर-फेरे. कॉइल कोमटसुद्धा होत नाही. टोकं आणि बादली टांगायची खालची लोखंडी पट्टी कानशीने सपाट घासून चिकटवली, तर पाण्याने भरलेली बादली उचलली गेली. मध्ये लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घातला, की रिकामी बादलीच कशीबशी धरते.

पुठ्ठा म्हणजे चुंबकाला हवेची फटच. एक मिलिमीटर हवा ओलांडायला चुंबकीय प्रवाहाला जेवढे अँपिअर-फेरे लागतात, तेवढ्यात तो चांगल्या लोखंडातून जवळपास मीटरभर जातो. शिवाय ओढ चुंबकीय क्षेत्राच्या (माप टेस्लात) वर्गाने बदलते: 1 टेस्लाला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 4 किलो, अर्ध्या टेस्लाला फक्त एक. 1831 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रींनी येल कॉलेजसाठी केलेल्या चुंबकाने 900 किलोहून जास्त वजन पेललं, तेही साध्या बॅटरीवर. त्यांची इन्सुलेटेड तार सगळे सांगतात, घट्ट बसणाऱ्या पट्टीबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याकडे शेतात हाच प्रकार रोज दिसतो. रात्री लाईट येते, व्होल्टेज कमी असतं आणि पंपाच्या स्टार्टरमधला विद्युतचुंबक धरत नाही, नुसता गुरगुरतो. गाभ्याच्या तोंडावर धूळ किंवा गंज असला तरी तेच. एसी कॉइलचा प्रवाह रोधापेक्षा इंडक्टन्सवर (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) जास्त अवलंबून असतो. फट मिटली नाही तर इंडक्टन्स कमीच राहतो, कॉइल जास्त प्रवाह खेचत राहते आणि जळते. नवी नोव्होल्ट कॉइल (स्टार्टर धरून ठेवणारी हीच) टाकण्याआधी तोंडं कापडाने पुसा. मात्र मेन स्विच पाडून, फ्यूज काढूनच.

निरोगी स्टार्टर फारसा गुणगुणत नाही, कारण गाभ्याच्या तोंडात तांब्याची कडी बसवलेली असते. 50 हर्ट्झला ओढ सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते; कडीतल्या भागाचं क्षेत्र थोडं मागे राहतं, म्हणून पट्टी सुटत नाही. पुढचा गाभा जळक्या स्टार्टरच्या स्टॅम्पिंगचा (कापलेल्या पातळ पत्र्यांचा). ट्रान्सफॉर्मरवरून 12 व्होल्ट एसी देऊन, कडी काढून आणि घालून, आवाजात किती फरक पडतो ते मोजणार आहे.