वाचनालय आणि ते घर

लंडन, शुक्रवार, रात्री सव्वादहा

पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोपायचं नाही.

सकाळी लेकीनं ब्रिटिश म्युझियममध्ये नेलं. रोझेटा शिळेभोवती इतकी गर्दी, की लोकांच्या डोक्यांमधून जेवढी दिसली तेवढी पाहिली. मला ओढ होती ती मधल्या चौकातल्या गोल वाचनालयाची. चौकावर काचेचं छत आहे. 3312 काचा, आणि एकीचं माप दुसरीला लागत नाही. त्या छताखाली 1857 साली उघडलेली ही वास्तू. आत मान वर केली आणि तशीच उभी राहिले. केवढा तो घुमट! निळा, सोनेरी. चाकाच्या आऱ्यांसारखी मधून बाहेर पसरलेली टेबलं. पुस्तकं 1997 नंतर सेंट पँक्रासला, ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलली, पण टेबलं जागच्या जागी आहेत.

इथे मार्क्स बसायचे, हे सगळे सांगतात. बाबासाहेबही इथेच वाचायला यायचे. मी मात्र त्यांची जागा शोधत होते. कुठली, ते कोण सांगणार? मग एकेका टेबलाकडे बघत गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. 1920 साली साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्यावर ते पुन्हा आले. अशा माणसाला इथला एकेक तास केवढा मोलाचा वाटला असेल!

दुपारी ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, चॉक फार्म स्टेशन. तिथून चालत 10, किंग हेन्रीज रोड. घरांच्या रांगेतलं एक घर, भिंतीवर निळी पाटी: 1921-22 मध्ये ते इथे राहत होते. आपल्या राज्य सरकारनं हे घर 2015 मध्ये घेतलं. शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, स्थानिक कौन्सिलनं 2018 मध्ये संग्रहालयाला परवानगी नाकारली, ती शेवटी 2020 मध्ये ब्रिटिश सरकारकडून मिळाली. फार बरं झालं. म्युझियमच्या दालनांत राजांची, देवांची शिल्पं पाहिली, पण डोळे भरून आले ते या साध्या जिन्यावर. कठड्याला हात लावला आणि काही वेळ काढवेना. लेक काही बोलली नाही, नुसती जवळ येऊन उभी राहिली.

येताना ट्यूबमध्ये तिला पापडांची गोष्ट सांगितली. लंडनच्या त्या दिवसांत पोटभर जेवण परवडायचं नाही. एका ओळखीच्यानं दिलेले पापड बाबासाहेब रात्री भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खाऊन परत वाचायला बसायचे. चरित्रात वाचलेलं, तिला ठाऊक नव्हतं.

रात्री जेवायला बसलो, तर तिनं मी घरून आणलेला उडदाच्या पापडांचा डबा काढला. गॅसवर चार भाजले. तो वास घरभर पसरला तेव्हा आम्ही दोघीही गप्प होतो.

उद्या तिला सुट्टी आहे. त्या वाचनालयात परत जाऊया, असं तीच म्हणाली.